पगार की मेहनताना?
स्वतंत्रपणे काम करणाऱ्याचे करदायित्व : एक पाठ

गेल्या चवथीच्या सुटीत, म्हणजे २०२५ च्या ऑगस्टअखेरीस, आमचा एक माजी विद्यार्थी भेटावयास आला. दहावीनंतर त्याने स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि दोन वर्षांहून अधिक काळ तो एका बांधकाम कंपनीत नकाशे काढण्याचे काम करीत आहे. बोलता बोलता पगाराचा विषय निघाला. महिना पंचेचाळीस हजार रुपये ठरले असून हातात साडेचाळीस हजार पडतात, असे त्याने सांगितले. उरलेल्या साडेचार हजारांचे काय, असे विचारताच तो सहज म्हणाला, "सर, म्हजो टॅक्स कंपनीच भरता." कर कंपनी भरते, तेव्हा आपणास काही करावयाचे उरत नाही, अशी त्याची समजूत होती.

खरे सांगावयाचे तर आमचीही समजूत त्याहून फारशी निराळी नव्हती. आम्ही इतिहास आणि मराठी शिकविणारे. आमच्या पगारातून कर कापला जातो, वर्षाअखेर शाळेच्या कचेरीतून एक कागद मिळतो, आणि आमचे करज्ञान तेथेच संपते. परंतु त्याने आपले नेमणुकीचे पत्र दाखविले तेव्हा एका शब्दापाशी आम्ही थबकलो. पत्रात 'पगार' हा शब्द कोठेच नव्हता. तेथे 'व्यावसायिक शुल्क' असे लिहिले होते, आणि आमच्या या विद्यार्थ्याला 'कर्मचारी' न म्हणता 'सल्लागार' म्हटले होते. शेवटी एक ओळ होती : या करारामुळे मालक-नोकर संबंध निर्माण होत नाही.

एका परिचित लेखापालांकडे आम्ही दोघे गेलो. दोन तासांत त्यांनी जे समजावून दिले, आणि त्यानंतर पुस्तके चाळून जे आम्हांस कळले, ते आमच्या विद्यार्थ्यांना शाळा सोडण्यापूर्वीच ठाऊक असावे असे वाटल्यावरून हा पाठ लिहीत आहोत. आज अकरावीत असलेल्यांपैकी कितीतरी जण उद्या पगारावर नव्हे, तर शुल्कावर काम करणार आहेत.

दोन प्रकारचे करार

घराची कौले परतावयाची असली म्हणजे आपण मेस्ताला बोलावतो. काम पाहून तो उक्ता आकडा सांगतो. आपली हत्यारे आणतो, आपले मदतनीस आणतो, आज आपल्याकडे तर उद्या शेजाऱ्याकडे जातो. वासे कसे बसवावे हे आपण त्याला शिकवीत नाही. छप्पर गळू नये एवढेच आपण पाहतो. काम अंदाजापेक्षा लवकर उरकले तर फायदा त्याचा, आणि आठ दिवस जास्त लागले तर तोटाही त्याचाच.

आता शाळेच्या शिपायाकडे पाहा. तो घंटेच्या वेळी येतो, हजेरीपटावर सही करतो, मुख्याध्यापक सांगतील ते काम सांगतील त्या रीतीने करतो, आणि रजा हवी असल्यास अर्ज देतो. आपल्याऐवजी भावाला पाठवून देण्याची त्याला मुभा नसते. शाळेचे उत्पन्न वाढले वा घटले तरी त्याचे वेतन ठरलेले असते.

मेस्ताचा आपल्याशी असतो तो सेवा पुरविण्याचा करार. शिपायाचा शाळेशी असतो तो सेवेचा, म्हणजे नोकरीचा करार. पहिला स्वतंत्र कंत्राटदार, दुसरा नोकर. यांत कोणी उच्च वा नीच नाही. नोकरी हीच काय ती प्रतिष्ठेची असे मानण्याची आपल्याकडे रीत असली, तरी महात्मा जोतिराव फुले हेही बांधकामाची कंत्राटे घेऊन उपजीविका करीत, हे आपण विसरू नये.

व्यवहारात मात्र पुष्कळांचे काम या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असते. मग ते कोणत्या बाजूचे हे ठरवावयाचे कसे? या प्रश्नाचा विचार आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अगदी प्रारंभापासून केला आहे.

मीठ, विडी आणि शिलाई

पहिला दाखला मिठाचा आहे. पेडणे, बार्देश, तिसवाडी या तालुक्यांतील मिठागरे आपल्या परिचयाची आहेत. कच्छच्या छोट्या रणाच्या काठी कुडा येथे अशीच मोठी मिठागरे होती. तेथील कंपनी अगरिया नावाच्या मीठ पिकविणाऱ्या लोकांना जमिनीचे तुकडे नेमून देई. ऑक्टोबरपासून जूनपर्यंत ते सहकुटुंब राबत. त्यांना कामाचे ठरावीक तास नव्हते, हजेरीपट नव्हता. मदतीला माणसे घ्यावयाची तर स्वतःच्या पैशाने घेता येत. मोबदला मणाला साडेपाच आणे, आणि तोही पसंतीस उतरलेल्या मिठाचाच. वरवर पाहता हे सारे कंत्राटासारखे दिसते, आणि कंपनीचे म्हणणेही तेच होते. परंतु खारे पाणी किती दाट झाले, स्फटिक कसे बसले, हे प्रत्येक टप्प्यावर कंपनीचा अधिकारी तपाशी आणि त्याच्या संमतीवाचून पुढचे पाऊल पडत नसे. १९५६ साली धरांगध्रा केमिकल वर्क्सच्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अगरिया हे कामगारच होत, असा निर्णय दिला. काय करावे एवढेच नव्हे, तर ते कसे करावे हेही सांगण्याचा हक्क कोणाकडे आहे, ही त्या निर्णयातील मुख्य कसोटी होय.

दुसरा दाखला विडीचा. मध्य प्रदेशातील सागर येथील एका विडी कारखान्याकडून 'सट्टेदार' तंबाखू घेत. मग आपल्या जागी अथवा इतरांकडून विड्या वळवून घेऊन त्या कारखान्यास पुरवीत, आणि माल पसंत पडल्यावर त्याची किंमत घेत. विड्या कोठे, कोणाकडून आणि कशा वळवाव्या याच्याशी कारखान्याचा संबंध नव्हता. १९५८ साली न्यायालयाने या सट्टेदारांना स्वतंत्र कंत्राटदार ठरविले.

तिसरा दाखला हैदराबाद भागातील शिंप्यांचा. दुकानात बसून ते नगावर मजुरी घेत. यावे केव्हा, जावे केव्हा, याचे सक्तीचे बंधन नव्हते. एखादे दिवशी न आल्यास रजेचा अर्जही लागत नसे. पण शिवणयंत्रे दुकानाची होती, कापड बेतून सूचनांसह हाती दिले जाई, आणि शिलाई मनासारखी न उतरल्यास ती उसवून पुन्हा शिवावयास सांगण्याचा मालकाला अधिकार होता. १९७३ साली सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या प्रकरणात न्यायालयाने त्यांना दुकानाचे नोकर मानले. केवळ नियंत्रण ही एकच कसोटी पुरी पडत नाही. साधने कोणाची, माल नाकारण्याचा हक्क कोणाचा, असे सर्व अंग पाहिले पाहिजे, असे या निर्णयावरून दिसते.

हे तिन्ही निर्णय कामगारविषयक कायद्यांखाली झाले हे खरे. परंतु आयकरातही प्रश्न हाच येतो. कारण मालक आणि नोकर असे नाते असेल तरच मिळालेली रक्कम 'वेतन' या सदरात पडते, एरव्ही ती 'व्यवसायाचे उत्पन्न' होते. तेव्हा कामाचा कागद हाती आला म्हणजे स्वतःस पुढील प्रश्न विचारावे :

१. काम कसे करावे हे मी ठरवितो की दुसरा?
२. हत्यारे, यंत्र, जागा कोणाची?
३. माझ्याऐवजी दुसऱ्याकडून काम करवून देण्याची मला मुभा आहे काय?
४. नफानुकसानीचा धोका कोणाच्या शिरावर?
५. मी एकाच वेळी अनेकांचे काम घेऊ शकतो, की एकाशीच बांधलेला आहे?

एका उत्तरावरून निकाल लागत नाही. सर्व उत्तरांचा कल कोणीकडे हे पाहावयाचे असते. आणि कागदावर काय नाव घातले आहे याला फारसे महत्त्व नाही. बाटलीवर 'मध' अशी चिठ्ठी लावल्याने आतला गुळाचा पाक मध होत नाही.

कर कसा आकारला जातो

नोकराच्या बाबतीत कराची बहुतेक उठाठेव मालकच करतो. वर्षभराच्या पगाराचा अंदाज घेऊन, लागू असेल त्या दराने, तो दरमहा कर कापतो. नव्या करप्रणालीत २०२४-२५ पासून नोकरदारास ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. मात्र कामासाठी स्वतः केलेला खर्च त्याला सहसा वजा करता येत नाही.

स्वतंत्र व्यावसायिकाची रीत निराळी. येणाऱ्या जमेतून धंद्यासाठी केलेला खरा खर्च, उदाहरणार्थ जागेचे भाडे, वीज, मदतनिसाची मजुरी, यंत्राची झीज, वजा जाता जे उरते तेवढेच त्याचे उत्पन्न. म्हणून त्याने प्रत्येक खर्चाची पावती जपली पाहिजे. वकिली, वैद्यकी, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखापरीक्षण अशा काही नेमलेल्या व्यवसायांना २०१६-१७ पासून आणखी एक सोपी वाट मोकळी झाली : जमा ५० लक्ष रुपयांपर्यंत असेल तर तिच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवावी आणि खर्चाचा तपशील ठेवण्याच्या कटकटीतून मुक्त व्हावे. रोख जमा एकूण जमेच्या शेकडा ५ हून अधिक नसेल तर ही मर्यादा पुढे ७५ लक्षांपर्यंत वाढविण्यात आली.

आता त्या साडेचार हजारांकडे वळू. कंपन्या, संस्था आणि मोठी उलाढाल असलेले व्यावसायिक जेव्हा शुल्क देतात, तेव्हा त्यातून काही भाग कापून सरकारात भरण्याचे बंधन त्यांच्यावर असते. २०२५-२६ मध्ये हा दर व्यावसायिक सेवेसाठी शेकडा १० होता, आणि एका वर्षात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त शुल्क होत असल्यास तो लागू होई. तांत्रिक सेवेसाठी शेकडा २, आणि कंत्राटी कामासाठी कंत्राटदार व्यक्ती असल्यास शेकडा १ असा दर होता. पॅन क्रमांक दिला नाही तर मात्र सामान्यतः शेकडा २० कापले जातात.

येथे विद्यार्थ्यांनी एक भेद नीट ध्यानात घ्यावा. पगारातून कापलेला कर हा प्रत्यक्ष देय कराच्या जवळपास असतो. शुल्कातून कापलेली रक्कम हा केवळ ठोकळ हप्ता असतो. घेणाऱ्याचे एकूण उत्पन्न किती, त्याला खर्च किती आला, याचा तेथे विचारच नसतो. त्यामुळे वर्षाअखेर हिशेब करून विवरणपत्र भरावेच लागते. कापलेली रक्कम देय करापेक्षा जास्त असेल तर परतावा मिळतो, कमी असेल तर फरक भरावा लागतो. कापलेला कर म्हणजे पुरा झालेला कर नव्हे.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. घरमालकाने घरच्या कौलांसाठी मेस्ताला दिलेल्या पैशातून सामान्यतः काही कापावे लागत नाही. परंतु तेवढ्याने मेस्ताचे उत्पन्न करमुक्त होत नाही. तसेच ग्राहक परदेशातील असला आणि त्याने छदामही कापला नाही, तरी भारतात कायम राहणाऱ्याला ते उत्पन्न येथे दाखविलेच पाहिजे. कर देण्याची मूळ जबाबदारी ज्याने कमावले त्याची. कापणारा हा केवळ मधला हात.

मधल्या हाताने रक्कम कापली पण सरकारात भरलीच नाही तर? जेवढी रक्कम कापली गेली तेवढी घेणाऱ्याकडून पुन्हा मागता येऊ नये, असे संरक्षण १९६१ च्या आयकर कायद्यातच दिलेले होते. परंतु ती कापली गेली हे दाखविणारे कागद आपल्यापाशी हवेत. म्हणून शुल्काची बिले, कपात दाखविणाऱ्या पावत्या आणि बँकेचे पुस्तक ही तिन्ही एकत्र ठेवावी, आणि सरकारच्या वार्षिक कर-विवरणात आपल्या नावावर किती जमा आहे हे वरचेवर पाहावे.

ज्याचा देय कर, कपात वजा जाता, वर्षाला १०,००० रुपये वा अधिक होतो, त्याने वर्षाअखेरची वाट न पाहता आगाऊ कर भरावयाचा असतो : १५ जूनपर्यंत शेकडा १५, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. वर सांगितलेली सोपी वाट धरणाऱ्यास १५ मार्चचा एकच हप्ता पुरतो. चुकल्यास दरमहा शेकडा १ प्रमाणे व्याज चढते. नोकरदाराच्या घरी पैसा येतो तो कर वगळून. व्यावसायिकाच्या घरी सरकारचा वाटाही आपल्याच पैशांत मिसळून येतो. जो तो वाटा वेगळा काढून ठेवीत नाही, त्याची मार्च महिन्यात तारांबळ उडते.

राहिला वस्तू व सेवा कर. हा १ जुलै २०१७ पासून लागू झाला. त्यात नोकराने नोकरीच्या ओघात मालकासाठी केलेले काम ही 'सेवेची विक्री' धरलीच जात नाही. स्वतंत्र व्यावसायिकाचे काम मात्र धरले जाते. गोव्यात केवळ सेवा देणाऱ्याची वार्षिक जमा २० लक्ष रुपयांपलीकडे गेली की त्याला नोंदणी करावी लागते. येथे मोजावयाची ती जमा, नफा नव्हे.

गोमंतकीयांसाठी एक विशेष गोष्ट

आम्हांस सर्वांत आश्चर्य वाटले ते पुढील गोष्टीचे. गोव्यात, विवाहापूर्वी वेगळा करारनामा केलेला नसल्यास, पतिपत्नींची मालमत्ता सामान्यतः समाईक मानली जाते. पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली ही पद्धती. पोर्तुगीज भाषेत तिला 'कोमुन्यांव दुश बेंश' म्हणतात. गोवा मुक्त झाल्यावर भारताचा आयकर कायदा येथे १९६३ पासून लागू झाला. समाईक मालमत्तेचे उत्पन्न कोणाचे मानावे, हा वाद पुढे अनेक वर्षे चालला. अखेर १९९४ च्या वित्त अधिनियमाने कलम ५-अ घालण्यात आले, आणि त्याचा अंमल मागे नेऊन १ एप्रिल १९६३ पासून धरण्यात आला.

या कलमाचा आशय असा की, या पद्धतीखाली येणाऱ्या पतिपत्नींचे प्रत्येक सदरातील उत्पन्न दोघांमध्ये समसमान वाटून, प्रत्येकाच्या वाट्यावर स्वतंत्रपणे कर आकारावा. अपवाद एकच, आणि तो वेतनाचा! पगार ज्याने मिळविला त्याच्याच नावावर संपूर्ण धरला जातो.

म्हणजे 'नोकर की कंत्राटदार' हा प्रश्न गोव्यात घरातील दोन माणसांच्या हिशेबावर परिणाम करतो. एक उदाहरण सोडवून पाहू. २०२५-२६ या वर्षी नव्या प्रणालीत पहिल्या ४ लक्षांवर कर नव्हता. पुढील प्रत्येक ४ लक्षांवर अनुक्रमे शेकडा ५, १०, १५, २० आणि २५, व २४ लक्षांवरील रकमेवर ३० असा दर होता. करावर शेकडा ४ उपकर. शिवाय करपात्र उत्पन्न १२ लक्षांपर्यंत असल्यास विशेष सवलतीमुळे कर शून्य होई.

पहिला गृहस्थ नोकरदार. वार्षिक पगार २० लक्ष. प्रमाणित वजावट जाता १९,२५,००० उरतात. त्यावर कर १,८५,००० आणि उपकर ७,४००, मिळून १,९२,४०० रुपये.

दुसरा गृहस्थ स्वतंत्र व्यावसायिक; खर्च वजा जाता उत्पन्न २० लक्ष. तो समाईकीच्या पद्धतीखाली येत नसता तर त्याला २,००,००० कर व ८,००० उपकर, म्हणजे २,०८,००० रुपये पडले असते. परंतु तो गोमंतकीय असून समाईकीच्या पद्धतीखाली येतो, आणि पत्नीला अन्य उत्पन्न नाही. मग दोघांच्या वाट्यास प्रत्येकी १० लक्ष येतात, आणि दोघांचाही कर शून्य होतो.

हे वाचून कोणी आपल्या पगारालाच 'शुल्क' म्हणू लागेल, तर मात्र तो फसेल. ही वाटणी म्हणजे पळवाट नव्हे. ती येथील कुटुंबकायद्याची आयकराने घेतलेली दखल आहे. नाते मुळात नोकरीचेच असेल तर शब्द बदलल्याने ते बदलत नाही, हे अगरियांच्या निर्णयाने जसे कामगाराच्या बाजूने सांगितले, तसेच ते करदात्याच्या विरुद्धही लागू पडते. आणखी असे की, वाटणी झाली म्हणजे विवरणपत्रात पत्नीचा वाटाही तिच्या नावे यावा लागतो. आपल्या घरातील उत्पन्नाचा निम्मा वाटा कायदा आपला मानतो, हे आमच्या किती गृहिणींना ठाऊक असेल?

जे मिळते आणि जे सुटते

कराचा विचार करताना एक गोष्ट नजरेआड होते. नोकराला भविष्य निर्वाह निधी, उपदान, भरपगारी रजा, प्रसूतीच्या सवलती अशी संरक्षणे असतात. त्यांतील पुष्कळशी स्वतंत्र कंत्राटदाराला नसतात. ज्याला खरोखरच दहा ग्राहक आहेत आणि जो आपला दर आपण ठरवितो, तो ही उणीव दरात भरून काढतो. परंतु ज्याला एकच 'ग्राहक' आहे, जो नऊच्या ठोक्याला हजेरी लावतो आणि ज्याला दर ठरविण्याची संधीच नाही, त्याच्या पदरी दोन्हीकडून उणेच येते : नोकराची बंधने आहेत पण संरक्षण नाही, कंत्राटदाराची जोखीम आहे पण स्वातंत्र्य नाही. मोटारीने माल वा माणसे पोचविणाऱ्या तरुणांसारख्यांचा, ज्यांना अलीकडे 'गिग' कामगार म्हणतात त्यांचा, सामाजिक सुरक्षेच्या २०२० च्या संहितेने प्रथमच नावानिशी उल्लेख केला, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. या प्रश्नाची जाणीव राज्यकर्त्यांनाही झाल्याचे हे लक्षण होय.

आयकराचा १९६१ चा कायदा जाऊन त्याच्या जागी संसदेने २०२५ साली नवा कायदा संमत केला. त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ही आहे. त्यात कलमांचे क्रमांक आणि नमुन्यांची नावे बदलली आहेत, पण वेतन आणि व्यवसाय हा भेद कायम आहे. दर वर्षागणिक बदलतात. म्हणून वर दिलेले आकडे कोणत्या वर्षाचे हे ध्यानी ठेवून, प्रत्यक्ष भरणा करताना चालू वर्षाचे दर पाहावे.

त्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले?

त्याची वार्षिक जमा ५,४०,००० रुपये. त्यातून दर वर्षी ५४,००० कापले जात होते. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षी नव्या प्रणालीत ७ लक्षांपर्यंतच्या उत्पन्नाला सवलतीमुळे कर पडत नव्हता. म्हणजे त्याला देणे होते शून्य, आणि सरकारकडून घेणे होते १,०८,०००! परंतु त्याने एकही विवरणपत्र भरले नव्हते. कर शून्य असला तरी त्याच्या उत्पन्नावर ते भरणे बंधनकारक होते, हेही त्याला ठाऊक नव्हते.

२०२४-२५ चे विवरणपत्र भरण्यास तेव्हा अवधी होता. ते त्याच आठवड्यात भरले आणि त्या वर्षाचा परतावा आला. २०२३-२४ ची विलंबाने भरण्याची मुदतसुद्धा २०२५ च्या जानेवारीत संपून गेली होती. त्या वर्षासाठी विलंब माफ व्हावा म्हणून अर्ज केला आहे. उत्तर अद्याप नाही. त्याच्या आईने शिलाईकाम करून त्याला शिकविले, हे आम्ही जाणतो. चोपन्न हजार ही त्या घराला लहान रक्कम नव्हे.

लेखापालांनी आमचे पाच प्रश्नही त्याला विचारले होते. संगणक कंपनीचा, जागा कंपनीची, हजेरी रोजची, रजेला परवानगी, दुसऱ्याचे काम घेण्यास मनाई. पाचही उत्तरे एकाच दिशेला होती. त्याने ही गोष्ट आपल्या वरिष्ठांपुढे नम्रपणे मांडली आहे. विचार करू, असे त्यांनी सांगितले. नोकरी जाईल या भीतीने प्रथम तो बोलावयास तयार नव्हता, आणि आम्हीही त्याला आग्रह केला नाही. निर्णय त्याचा त्याने घेतला.

विद्यार्थिमित्रांनो, वर्गात आम्ही तुम्हांला शब्दांचे अर्थ आणि त्यांच्या छटा शिकवितो. 'पगार' आणि 'शुल्क', 'कर्मचारी' आणि 'सल्लागार' यांतील छटा मात्र कोणत्याही व्याकरणात दिलेली नाही. तुमच्यापुढे कामाचा पहिला कागद येईल तेव्हा आनंदाच्या भरात शेवटच्या पानावर सही करू नका. तो घरी आणा, आईवडिलांसह वाचा, न समजलेले जाणत्याला विचारा. आणि आम्हांला विचारावयास आलात, तर या खेपेस उत्तर देताना आम्ही चुकणार नाही, एवढी तयारी आम्ही केली आहे.

स्वाध्याय

१. तुमच्या शेजारच्या कोणत्याही तीन व्यक्तींचे काम पाहा (उदा. नळ दुरुस्त करणारा, दुकानातील मदतनीस, शिकवणी घेणारी बाई). पाठातील पाच प्रश्न लावून प्रत्येक जण नोकर की कंत्राटदार ते कारणांसह लिहा.

२. अगरिया आणि सट्टेदार या दोघांनाही मालाच्या मापाने मोबदला मिळे. तरीही निर्णय भिन्न का झाले?

३. समाईकीच्या पद्धतीखाली येणाऱ्या एका गोमंतकीय वास्तुविशारदाची २०२५-२६ मधील जमा ३६ लक्ष रुपये होती आणि त्याने जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखविली. पतिपत्नींपैकी प्रत्येकाच्या वाट्यास किती उत्पन्न येईल? वस्तू व सेवा कराची नोंदणी त्याला लागेल काय?

४. 'कापलेला कर म्हणजे पुरा झालेला कर नव्हे' हे विधान स्वतःच्या शब्दांत घरातील वडीलधाऱ्यांना समजावून सांगा, आणि त्यांच्या शंका वहीत लिहून आणा.